अडवलेली पेनल्टी, अडवलेला व्हिडिओ

चहा आधी संपवा बघू. ऐकताना ठसका लागला तर मला बोलायचं नाही! माती सगळेच खातात हो. पण खटला जिंकून, वर पेढे वाटून माती खाणारा माणूस तुम्ही आजच बघताय.

आम्ही शिवाजी पेठेतले. आमच्याकडं पोरगं आधी चेंडू लाथाडतं, मग रांगतं! तर यंदा चाळिशीपुढच्यांची फुटबॉल मॅच लागली, आमच्या तालमीचा संघ आणि पलीकडच्या पेठेचा. गोलकीपर कोण? अस्मादिक! आणि अगदी शेवटी मी पेनल्टी अडवली. काय ती झेप! घारीनं बघितली असती तर उडणं सोडलं असतं.

हा पराक्रम फोनवर कुरुंदवाडच्या व्याह्यांना सांगितला. व्याही जुने खेळाडू. म्हणाले, "पावणं, तुमी आन गोलकीपर? सोफ्यावरनं उठताना हात द्यावा लागतोय की तुमास्नी!"

"रविवारी जेवायला या. व्हिडिओच दावतो!"

व्हिडिओ काढला होता पलीकडच्या पेठेतल्या बंडूनं, त्यांच्या चॅनेलसाठी. मी तेवढा तुकडा उचलला, वर 'पेठेचा वाघ' असं लिहिलं आणि माझ्या चॅनेलवर चढवला. सकाळी बघतो तर वाघ गायब! बंडूनं कॉपीराइटची तक्रार ठोकलेली.

लावला फोन. "बंडू, पेनल्टी मी अडवली की रं!"

"पेनल्टी तुमची आसंल मामा, कॅमेरा आमचा हाय!"

आता व्याह्यांना काय दाखवू? तडक गाठला इकबाल वकिलाला. वकील आमच्याच तालमीचा.

"नुसतं मिरवायला दुसऱ्याचा व्हिडिओ उचललास, ती चोरी," इकबाल म्हणाला. "पण त्यावर टीका केलीस, समीक्षा केलीस, तर भांडायला जागा हाय."

"टीका कुणावर करू?"

"व्हिडिओत दुसरं हाय कोन? गोलकीपरवर कर!"

घरी येऊन बसलो माईक घेऊन, इकबाल शेजारी. "बघा मंडळी, गोलकीपरनं भिऊन तोंडच फिरवलंय. उडी डावीकडं, चेंडू उजवीकडं! टाच तेवढी मागं विसरली, तिच्यावर चेंडू आपटला. यात गोलकीपरचा काहीही दोष नाही!"

"आजून तिखट!" इकबाल ओरडला.

"पोटाचं बी सांगा की," बायको स्वयंपाकघरातनं.

सांगितलं! "पोट जमिनीवर आधी पोचलं, माणूस मागनं आला!" खोटं कशाला बोलू, मला भलतीच लय सापडली होती.

चढवला. परत तक्रार! पण या खेपेला आम्ही हरकत ठोकली: 'ही समीक्षा आहे, चोरी नव्हे.' हरकत गेली थेट बंडूकडं. शनिवारी त्याचाच फोन. "मामा, तक्रार मागं घेतली. जिंकला तुमी!"

"कायद्याला भ्यालास व्हय?"

"न्हाय वो! तुमचा व्हिडिओ आमच्या तालमीत मोठ्या पडद्यावर लावला. समदी लोळाय लागली. आमी तुमास्नी इतकी वर्सं शिव्या देतोय, पर आसलं आमाला कधी सुचलं न्हाय!"

ते काही असो, जिंकलो! इकबालनं चौकात फटाक्यांची माळ लावली. मी पेढे वाटले, बंडूलासुद्धा.

रविवारी व्याही आले. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून टीव्हीसमोर बसले. व्हिडिओ लांबून काढलेला, तोंड काही धड दिसत नाही. आवाज मात्र खणखणीत! व्याही हसून हसून सोफ्यावरनं घसरले. या खेपेला हात मी दिला.

"ह्यो बोलनारा कोन वो? लई जाणकार गडी!"

"मीच की!" माझी छाती ही एवढी.

व्याह्यांनी उठून मिठीच मारली. "मानलं पावणं! खेळातलं कळतंय तुमास्नी." मग डोळे पुसत परत बसले. "बरं, ह्या येड्याचं पुरं झालं. आता तुमची पेनल्टी लावा!"

बायको दारात, पदर तोंडाला लावून उभी. मी टीव्ही बंद केला.

"ती व्हय? ती कॉपीराइटमधी गेली वो!"