देवीचा कोंबडा, भागीरथीचं डालगं

ठाकुर्लीच्या खाडीकडच्या पाड्यात भागीरथीचं कोणाशी पटत नसे. ती मासळी विकी, कोंबड्या पाळी आणि अर्धवट काम करणाऱ्याला तोंडावर सुनावी. खुराडं रोज खरवडून त्यात राख पसरी. बाकी कोणी एवढं करत नव्हतं, आणि हेही ती बोलून दाखवी.

पाड्याची रीत अशी, की चैत्राच्या जत्रेत गावदेवीला द्यायचा कोंबडा पाड्यातच अंड्यातून निघालेला हवा. जत्रेआधी त्याला देवीच्या नावाने मोकळा सोडायचा. त्याला कोणी हाकलायचं नाही, कोंडायचं तर नाहीच. तो कोणाच्याही अंगणात दाणे टिपी, कोणाच्याही भांड्यातलं पाणी पिई. सत्त्याऐंशी साली तो मान भागीरथीच्या चुलत दिराचा, दामाजीचा होता.

माघ सरताना तो कोंबडा तिच्या पाण्याच्या भांड्यापाशी येऊन बसला. पिसं फुगलेली, पंख लोंबते. चोच उघडी, गळ्यात घरघर, मागे हिरवी पातळ घाण. दाण्यावर मारलेली चोच दाण्याच्या बाजूला पडत होती, कारण मान वाकडी होत चालली होती. मानमोडी. शहाडला तिच्या माहेरचं खुराडं याच रोगाने रिकामं केलं होतं.

तिने भांडं उपडं केलं, कोंबड्यावर डालगं टाकून वर दगड ठेवला आणि राखेने हात घासले.

दामाजी धावत आला. "वयनी, देवीचा कोंबडा डालग्याखाली?"

"मानमोडी हाय भावजी. सगल्यांच्या कोंबड्या घेऊन जाईल."

"देवीच्या कोंबड्याला रोग व्हतो? तुझीच नजर लागली."

"माझी नजर एवढी कामाची असती तर पयली तुमच्यावर पडली असती."

शेजारची जनाबाई कुंपणापलीकडे हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. दामाजीने दगड लाथेने उडवला, डालगं भिरकावलं. कोंबडा झोकांड्या खात जनाबाईच्या अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी भागीरथी मासळी घेऊन बसली नाही. कल्याणच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, आजारी कोंबडीला औषध नाही. धडधाकट आहेत त्यांच्या डोळ्यांत ही लस घाला, काही वाचतील. ती थंड ठेवा, कालवली की लगेच वापरा, उरलेली टिकत नाही. एका बाटलीत सगळ्या पाड्याच्या कोंबड्या झाल्या असत्या. तिने ती मासळीच्या बर्फात पुरून आणली.

मग ती दारोदार गेली. "कोंबड्या धरा, थेंब घालते. उद्या उपयोग नाय."

"आधी दामाजीला इचार," जनाबाई म्हणाली.

दामाजी ओट्यावरूनच बोलला, "जिनं देवीचा कोंबडा कोंडला तिच्या हातचं औषध? आमच्यात कोन नाय घेनार."

"मग फावडी घासून ठेवा. खड्डे मोप लागतील."

दारं लागली. भागीरथीने आपली एकेक कोंबडी गुडघ्यांत धरून एकटीनेच थेंब घातले. उरलेली लस उकळत्या पाण्यात ओतली. दामाजीच्या लाथेपेक्षा ती फुकट गेलेली खेप तिला जास्त झोंबली.

देवीचा कोंबडा जनाबाईच्या ओटीवर मेला. मग घराघरांत मर लागली. दामाजीने मेलेल्या कोंबड्या खाडीत फेकल्या, काहींनी आजारी होत्या त्या कापून खाल्ल्या. त्या कोंबड्यासोबत पाणी प्यायलेल्या भागीरथीच्याही गेल्या. तिने कमरेएवढा खड्डा खणला, वर चुना टाकला, खुराडं पुन्हा खरवडलं. चार माद्या आणि एक तांबडा नर एवढेच उरले.

चैत्र आला तेव्हा पाड्यात तेवढाच नर होता. दामाजी कुंपणाबाहेर उभा राहिला. आत आला नाही.

"देवीला कोंबडा लागंल."

"न्या. पण मोकला सोडायचा नाय. जत्रेपर्यंत माझ्या डालग्यात राहील."

"रीत मोडंल."

"याच रीतीनं तुमच्या कोनाच्या घरी एक कोंबडी ठेवली नाय, भावजी."

"तू देवीपेक्षा मोठी झालीस."

"देवीनं मागितलं तर देईन. तुमी मागताय."

दामाजी कोंबड्याकडे बघत राहिला, थुंकला आणि गेला. त्या वर्षी देवीला नुसता नारळ फुटला. पाड्याने भागीरथीशी बोलणं टाकलं. तिनेही ते परत मागितलं नाही.

त्या उन्हाळ्यात पाड्यात एकच कोंबडा आरवत होता. दामाजी त्यालाही शिव्या घाली, पण उठे त्याच्याच आवाजाने.