अज्जू नावाचा गोऱ्हा

मंठ्यात अजमतचा चेहरा ओळखणारे कमी, आवाज ओळखणारे सगळे. लग्न असो, उरूस असो, सप्ताह असो की पुढाऱ्याची सभा, ‘हॅलो, हॅलो, माईक चेक’ असा घोगरा आवाज चौकात घुमला की लोक म्हणत, अजमतभाईचे भोंगे लागले. साऱ्या तालुक्याचं बोलणं त्यानं आयुष्यभर दूरवर पोचवलं. त्याचं स्वतःचं एक साधं वाक्य मात्र कोणी ऐकून घेत नव्हतं. ते वाक्य होतं, ‘मला एक बहीण आहे.’

अजमत नऊ वर्षांचा असताना त्याचे अब्बा ट्रक उलटून गेले. त्यांच्यामागं वर्षभरात अम्मी टीबीनं गेली. तीर्थपुरीच्या खालानं, अम्मीच्या बहिणीनं, अजमतला आणि तीन वर्षांच्या नाहिदला काही महिने सांभाळलं. पण तिच्याच घरात खाणारी तोंडं ढीगभर आणि कमावणारा एक. कोणीतरी सुचवलं म्हणून तिनं दोघांना जालन्याकडच्या एका अनाथाश्रमात ठेवलं. ‘हालत सुधरली की घेऊन जाते,’ असं तिनं अध्यक्षसाहेबांना तोंडावर सांगितलं होतं. साहेबांनीही ‘बिलकुल’ म्हणून मान हलवली होती.

आश्रमात मुलं एकीकडे, मुली दुसरीकडे. फक्त जेवायला सगळे एकत्र. नाहिद पंगतीतून पळत यायची आणि थेट अजमतच्या मांडीवर बसायची. तिला अजमत म्हणता येत नव्हतं, ती अज्जू म्हणायची. एका दुपारी ती आलीच नाही. स्वयंपाकाच्या नंदाबाईनं त्याच्या ताटात जास्तीची पोळी टाकली आणि म्हणाली, “तुझी बहीण मोठ्या घरी गेली रे. नशीब काढलं पोरीनं.”

त्या दिवसापासून अजमतला ‘नशीब’ या शब्दाचा राग आहे.

दोन वर्षांनी खाला घ्यायला आली, तेव्हा अजमत तिच्या हवाली झाला. नाहिदचं विचारलं तर कारकून म्हणाला, या नावाची मुलगी इथं कधी आलीच नव्हती. कागदोपत्री जी मुलगी दत्तक गेली, ती रेल्वे स्टेशनवर सापडलेली, बेवारस. पुढं गावोगाव हळूहळू बोललं जाऊ लागलं की त्या आश्रमात मूलबाळ नसलेली माणसं यायची, दाबून देणगी द्यायची आणि लेकरू घेऊन जायची. नातेवाईक असलेल्या लेकराचं लचांड फार, म्हणून त्याचे नातेवाईकच आधी कागदावरून पुसले जायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. तक्रार द्यायला मात्र कोणाला वेळ नव्हता.

अजमतला होता. तो मोठा झाला, उस्तादाच्या हाताखाली माईकचं काम शिकला, बदरुन्निसाशी त्याचा निकाह झाला, अफ्रीन नावाची मुलगी झाली. आणि मधल्या साऱ्या वर्षांत तो कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिला. साहेब बदलत, खुर्च्या बदलत, पण प्रश्नोत्तरं बदलत नसत.

“तुम्ही भाऊ कशावरून?”

“एका आईचे लेकरं म्हणून.”

“कागद?”

“कागद तर त्यांनी खोटा केला, साहेब. तीच तक्रार आहे.”

“मंग खरा कागद घेऊन या.”

घरी येऊन तो चप्पल अशी भिरकावायचा की बदरुन्निसाला विचारायची गरज पडत नसे. “पुरे करा आता,” ती चहा पुढं सरकवत म्हणायची. “ती कुठं परदेशात असेल. तिला तुमचं नावही आठवत नसेल.”

“तिला आठवू दे न आठवू दे. मला आठवतं ना!”

मग एका हिवाळ्यात, मंडपवाल्या कडूबानं त्याला एका मोठ्या सत्काराचं काम दिलं. कोणाचा सत्कार हे त्यानं सांगितलं नाही आणि अजमतनंही विचारलं नाही. भोंगे बांधून झाले, वायरी पसरून झाल्या, आणि तेव्हा मागचा फलक वर चढला. फलकावर अध्यक्षसाहेब हात जोडून हसत होते. पंचाहत्तरी! अजमतनं कडूबाला बाजूला ओढलं. कडूबा म्हणाला, “बाबा रे, आता ऐनवेळी कुठं दुसरा माईकवाला शोधू? काम कर अन् गप घरी जा.”

अजमत खरोखरच गप्प बसणार होता. चार भाषणं त्यानं दात आवळून ऐकली. पाचवा वक्ता उठला आणि गहिवरून म्हणाला, “ज्यांना या जगात कोणी नव्हतं, अशा शेकडो लेकरांना साहेबांनी घर दिलं!” टाळ्या पडल्या. त्या टाळ्या विरायच्या आत अजमतनं आवाजाच्या यंत्रापाशी ठेवलेला जादा माईक उचलला.

“मला बहीण व्हती, साहेब. तिला मी व्हतो. तुम्ही तिला बेवारस लिहिलं. नाहिद तिचं नाव. तीन वर्षांची व्हती, मला अज्जू म्हणायची. कुठं दिली, एवढं सांगा. बाकी तुमचा सत्कार चालू द्या.”

मग चार जण धावले. त्यांनी अजमतला खाली ओढलं, एकानं यंत्राला लाथ घातली, आणि कडूबानं कपाळावर हात मारून घेतला. पण तोवर निम्म्या मंडपानं मोबाईल वर केले होते. रात्रीपर्यंत ते बोलणं जिल्हाभर फिरलं.

त्यानंतर फोनच फोन. कोणी शाबासकी देई, कोणी शिव्या. तीन बायकांनी ‘मीच तुझी बहीण’ म्हणून सांगितलं, त्यातली एक त्याच्याहून वयानं मोठी निघाली. अजमतनं फोन उचलायचंच सोडलं. म्हणून भोकरदनच्या हरिओम नावाच्या माणसाला बदरुन्निसाशी बोलावं लागलं. तो म्हणाला, “माझे सासरे तुमच्या मालकांचा व्हिडिओ पाहून सकाळपास्नं रडून राह्यले. मालकांना एकदा घेऊन या.”

“अजून एक,” अजमत वैतागून म्हणाला. पण गेला.

भोकरदनच्या त्या घरात पुंजाराम नावाचे ऐंशीच्या पुढचे आजोबा खाटेवर बसले होते. दारात चष्मा लावलेली, हाताची घडी घातलेली एक बाई उभी होती. ती त्यांची मुलगी साधना, हरिओमची बायको. कोणी पाणी आणायच्या आत म्हातारा बोलू लागला.

“ही घरी आली तव्हा महिनाभर रडली. अज्जू, अज्जू करायची. आम्हाला वाटलं, मागत असंल काहीतरी. खेळणं आणलं, खाऊ आणला, काही चालंना. गोठ्यात नवा गोऱ्हा व्हता. मी म्हणलं, हा बघ तुझा अज्जू. मंग त्याच्या गळ्यात पडून निजली. पंधरा वर्षं त्या बैलाला आम्ही अज्जूच म्हणलं.”

अजमतला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. तो कचेऱ्यांतून धक्के खात होता, आणि एका बस प्रवासाच्या अंतरावर त्याच्या नावाचा बैल नांगराला जुंपला जात होता!

“पैसे देऊन घेतली ना तुम्ही?” त्यानं विचारलं. हा प्रश्न कुणाला तरी विचारायचा म्हणून त्यानं किती वर्षं घोटून ठेवला होता.

“देणगी म्हणून दिले,” म्हातारा म्हणाला. “ते म्हणले, पोरीचं कुणी न्हाई. भाऊ हाय म्हणले असते तर तुला बी आणलं असतं, गड्या. रान व्हतं, घर व्हतं. एका लेकराचं काय, अन् दोघांचं काय?”

अजमतचा घोटून ठेवलेला सगळा राग तिथंच लटपटला. आता शिव्या तरी कोणाला द्यायच्या? तो उठून अंगणात गेला. साधना मागून आली.

“मला काही आठवत नाही,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? अन् मी साधनाच राहणार.”

“मी कुठं बदल म्हणलं?”

“मग असे काय बघून राह्यलात?”

“पस्तीस वर्षांनी बघून राह्यलो! बघू बी नको?”

दोघंही एकदम कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. खिडकीतून पाहणाऱ्या हरिओमच्या मते, दुसऱ्या कोणत्या पुराव्याची गरजच नव्हती.

तरी चाचणी झाली आणि रक्ताचं नातं ठरलं. मग दोन्हीकडची माणसं अजमतच्या दारात आली. एकांना नाहिद ‘परत’ हवी होती, दुसऱ्यांना साधनाला ‘वाचवायचं’ होतं. अजमतनं दोघांनाही एकाच तोंडानं सांगितलं, “मला बहीण सापडली. तुमचं काय हरवलं?”

आता अध्यक्षावर गुन्हा नोंदवायचा तर साधनाची सही हवी. ती तयार होईना. मुलीचं लग्न जमत होतं, सासू धुसफुसत होती. “झालं गेलं सोडून द्या ना, अज्जूभाई,” ती फोनवर म्हणायची. भाई म्हणते याचा आनंद मानावा की सोडून दे म्हणते याचा संताप करावा, या कात्रीत अजमत सापडला. शेवटी, “एकदा फक्त सोबत ये, सही नको करू,” अशी त्यानं मनधरणी केली, आणि ती आली.

ठाण्यात खुर्चीतल्या साहेबानं सगळं ऐकलं आणि सुस्कारा सोडला. “ताई, तुम्ही सापडलात, चांगल्या घरात आहात. आता कशाला उकरता? आणि कागदानुसार तुम्हाला भाऊ नाहीच. हे तुमचे कोणी लागत नाहीत.”

साधनानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“महिनाभर मी याचं नाव घेऊन रडले,” ती म्हणाली, “अन् त्यांनी लिहिलं, हिला कोणी नाही. माझ्या आबांना फसवलं. ते आता रात्र-रात्र बसून राहतात, म्हणतात मी दुसऱ्याचं लेकरू तोडून आणलं. त्यांना हे पाप कोणी लावलं? लिहा. मी सांगते ते बराबर लिहा. अन् सही कुठं करायची ते दाखवा.”

अजमत तिच्याकडं तोंड उघडं ठेवून पाहत राहिला. एवढ्या वर्षांत त्या टेबलाला असं कोणी बोललं नव्हतं.

गुन्हा नोंदला गेला. अध्यक्षसाहेबांच्या छातीत लगेच दुखू लागलं आणि ते दवाखान्यात जाऊन पडले. त्यांना जामीन झाला. तारखा पडत राहिल्या. मधल्या काळात तो व्हिडिओ पाहून आणखी काही माणसं पुढं आली. कोणाचा धाकटा भाऊ गेला होता, कोणाची जुळी बहीण. त्यांच्या वतीनंही आता साधनाच भांडते. अजमतला ती रोज सकाळी फोन करून वकिलाला काय विचारायचं, ते सांगते आणि त्यानं विचारलं नाही तर संध्याकाळी झापते. “ही सापडत नव्हती तव्हा बरं व्हतं,” असं तो बदरुन्निसापाशी कुरकुरतो. बदरुन्निसा आता नुसती हसते.

परवा पुन्हा तारीख होती. अध्यक्षसाहेबांचा वकील आला नाही म्हणून पुढची मिळाली. भर उन्हात दोघं कोर्टाच्या पायऱ्या उतरून खाली आले. अजमतला चहा हवा होता. साधना मधेच थांबली. “पण वकील का नाही आला, ते कोणी विचारलंच नाही,” ती म्हणाली, आणि वळून तरातरा पायऱ्या चढू लागली.

“अगं, चहा तरी घे!” अजमत ओरडला. मग कपाळाचा घाम पुसत, पुटपुटत तो तिच्या मागं निघाला.