रांजण हाताशी होता

मोठ्या घरच्या अंगणात न्हाव्याले बोलावलं होतं. माह्या बायकोचं डोकं भादराले.

अन् मी जिता होतो. तिथंच उभा होतो, डोक्यावर वांग्याचं टोपलं घेऊन. ते खाली ठेवाचंही सुचलं नाही.

बाईचं डोकं कधी भादरत, हे कोणाले सांगा लागत नाही. नवरा मेल्यावर. ती रीत मोठ्या घरांतली, आमच्यात नव्हती. पण तिचा अर्थ लहान पोरालेही समजे.

आम्ही भाजीपाल्याचे लोक. वरवट बकालच्या अंगाले आमचं गाव. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताले जोडलेलं होतं. सरकार नागपुरात, पण आमचं सरकार मोठं घरच. मळ्याचा तुकडा त्यांचा, विहीर त्यांची. पारबती, माही बायको, त्यांच्या घरी दाणे निवडे अन् त्यांच्या लेकीची वेणी घाले. आमची गिरजा सहा वर्षांची, आईच्या पदराले धरून संग जाय. त्या घरच्या लेकीच्या डोक्यात उवा निघाल्या. दोष आमच्यावर आला.

मोठ्या बाई ओसरीवरून बोलत होत्या. "खताच्या ढिगावर बसता अन् माह्या लेकीच्या वेणीले हात लावता. दोघी मायलेकीची डोकी साफ करून टाक रे."

पारबतीनं अंबाडा दोन्ही हातांनी धरला. "बाई, माहे मालक जिते हायेत."

"जिता असन त बोलन ना तो!"

अंगणात गडी होते, दळणाच्या बाया होत्या. सगळे हसले. सगळे माह्याकडं पाहू लागले.

मी बोललो नाही.

हे मी कोणाले सांगितलं नाही आजपर्यंत. राग आला होता, असं लिहिलं त खोटं होईन. भेव वाटलं. विहीर दिसत होती डोळ्यापुढं, मोट दिसत होती. तोंडात जीभ होती, पण कोणी दुसऱ्याची असल्यावाणी.

बोलला तो न्हावी. गरीब माणूस, त्याचंही पोट त्याच घरावर. वस्तरा धोकटीत ठेवला अन् म्हणे, "जित्या नवऱ्याच्या बाईवर माहा हात नाही चालत, बाई. मले माफ करा." अन् गेला.

मग बाईनं सीताफळाच्या बिया काढाले लावल्या. आमच्याकडं त्या बिया कोणी फेकत नाही, उवांसाठी वाळवून ठेवतात. वाटून लेप करायचा, डोक्याले चोपडायचा. पण जाणती बाई पहिले डोळ्यावर फडकं बांधे, मंगच लेपाले हात लावे. त्या दिवशी कोणी फडकं बांधलं नाही. शिक्षा होती ना ती. शिक्षेत फडकं कोण बांधते?

दळणाच्या बाईनं पारबतीले चोपडलं. मंग गिरजाले पकडलं. पोर भेली, मान झटकली, हातानं तोंड पुसलं. लेप दोन्ही डोळ्यांत गेला.

ती ओरडली ते मले अजून ऐकू येते.

रांजण माह्या हाताशी होता. इथं मी, इथं रांजण. वर तांब्या पालथा. पारबती धावली त बाई ओरडल्या, "रांजणाले हात लावू नोको! उवायचे हात ते!" पारबती तिथंच थांबली. माह्याकडं पाहिलं तिनं.

माह्या डोक्यात उवा नव्हत्या. मले कोणी मना केलं नव्हतं. एक तांब्या बुडवाचा होता.

मी टोपलं धरून उभा राह्यलो.

"नेतो जी घरी," एवढंच निघालं तोंडातून.

मळ्यातलं खोपट गावाबाहेर. तिथं जाईतोवर पोर चोळून चोळून बेजार. घरी पाणी मारलं, शेजारणीनं दूध घातलं, कोणी हळद सांगितली. सकाळी पाहतो त पापण्या सुजून भज्यावाणी. उघडतच नाहीत.

दवाखाना तालुक्याच्या गावी, चार कोस. सरकारी. आमच्यात म्हणत, तिथं गेलेलं माणूस पाय पुढं करूनच येते. अन् मोठ्या घराले न विचारता जायचं कसं? विचारलं त म्हणतीन, आमचं नाव सांगाले चालला. मी दारात बसून राह्यलो. पारबतीनं पोर खांद्यावर घेतली. डोक्याले अजून लेपाचा वास.

"तुम्ही बसा," म्हणे. "मी एकटीच जातो."

मग उठलो. रस्त्यानं पोर माह्या खांद्यावर होती. दुपार डोक्यावर आलेली, पाय भाजत होते. गिरजा म्हणे, "बाबा, रात झाली काय?"

मी म्हणलं, "हाव माय. झोप."

डॉक्टर तिकडचा, पुण्याकडच्या बोलीचा. मले वाटलं आता हाकलते. त्यानं पोरीले मांडीवर आडवं घेतलं अन् पाणी सोडत राह्यला डोळ्यांवर. थेंब टाकले, पट्टी बांधली. मंग विचारलं, "लगेच पाण्यानं धुतले होते का डोळे?"

"घरी गेल्यावर जी," मी म्हणलं.

"या बियांनी डोळा जळतो. तिथल्या तिथे भरपूर पाण्याने धुतलं असतं, तर एवढं झालं नसतं. पाणी नव्हतं का जवळ?"

"होतं जी," पारबती म्हणाली.

आठ दिवस दवाखान्याच्या ओसरीवर राह्यलो. उजवा डोळा वाचला. डाव्यात पांढरं फूल पडलं, ते पडलंच, त्या डोळ्यानं पुन्हा दिसलं नाही.

त्या आठ दिवसांत त्या माणसानं आमची डोकीही पाहिली. पारबती लाजून पदर सोडेना. तो म्हणे, "लाजायचं काय? घाणीनं नाही होत हे. न्हालेल्या डोक्यातही होतात. डोक्याला डोकं लागलं की झालं." भादरू नका म्हणे, घासलेट नको, बिया त नकोच नको. केसाले तेल चोपडा, उजेडात बसा, बारीक दाताची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढा. दर खेपेला फडक्यावर पुसा. तिसऱ्या दिवशी पुन्हा, असं पंधरा दिवस, कारण लिखा मागून फुटतात. घरातल्या सगळ्यांचं एकाच दिवशी. प्रत्येकाची फणी वेगळी, डोक्याचं फडकं उकळत्या पाण्यात.

एवढंच होतं ते. तेल, फणी, उजेड. याच्यासाठी माह्या पोरीचा डोळा गेला.

"हिच्याआधी कुणाच्या डोक्यात होत्या?" त्यानं विचारलं.

पारबती म्हणाली, "त्या घरच्या ताईच्या. मामाच्या गावाहून आली तवापासून खाजवून राह्यली होती. वेणी मीच घालतो ना, मले दिसल्या. माही पोट्टी तिच्या संग सागरगोटे खेळे, डोक्याले डोकं लावून."

मी चिडलो तिच्यावर. "मंग बोलली काऊन नाही तवा?"

तिनं शांतपणे पाहिलं. "बोलाले तुम्ही होते ना."

त्या वाक्यानं मी जागा झालो. बाकी कोणी काही शिकवलं नाही मले.

गावात आल्यावर दुसऱ्याच दिवशी निरोप. बाईच्या लेकीच्या उवा गेल्या नाहीत, पारबतीले पाठव, दुसरा न्हावी आणला हाय. मी एकटा गेलो. त्याच अंगणात उभा राह्यलो. मोठ्या घरचे मालक ओसरीवर बसले होते, बाई दारात.

मी संग नेलेली बारीक दाताची फणी ओसरीच्या कडेले ठेवली.

"बाई, ताईले उजेडात बसवा. पहिले तिच्या डोक्यात होत्या. तिथून माह्या पोरीच्या डोक्यात आल्या. कोणाचाच गुन्हा नाही. पण माही बायको येणार नाही. मी जिता हाय."

मालक म्हणे, "विहीर आमची हाय बे. बंद करू काय पाणी?"

"करा जी."

मग मी रांजणाजवळ गेलो. तांब्या बुडवला. तहान नव्हती. तरी सगळा तांब्या प्यालो, त्यांच्या समोर. कोणी हसलं नाही.

पाणी बंद झालं. वांगी उभ्या उभ्या वाळली. आम्ही नदीच्या वाळूत टरबुजं लावली, काकड्या लावल्या, पुरानं नेल्या, पुन्हा लावल्या. पारबतीनं त्या दिवसाचा शब्द कधी काढला नाही. काढला असता त बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात ती गेली. बायांनी तिचे केस धुतले, विंचरले, कुंकू लावलं. पांढरे झाले होते, पण कमरेपर्यंत होते. म्हणत होत्या, भाग्याची, भरल्या कपाळानं गेली. मी कोपऱ्यात बसलो होतो. मले तो अंबाडा दिसत होता, दोन्ही हातांनी धरलेला.

गिरजा आता चाळिशीची. गावातच दिली. एका डोळ्यानं लिखा अशा काढते का दोन डोळ्यांच्या बायांले दिसत नाहीत. गावच्या पोरी तिच्याकडं येतात.

आज सकाळी मोठ्या घरची कामवाली आली. म्हणे, "बुढेबा, मालकाच्या नातीच्या डोक्यात उवा लय झाल्या, पोर रडून राह्यली. गिरजाबाईले पाठवा. पण मागच्या दारानं या म्हणलं, लोक पाहतीन."

छातीत तेच झालं, जुनं. एवढ्या वर्षांनी. विहीर आमच्याकडं नाही, मळा नाही, घेण्यासारखं काही उरलं नाही, तरी भेव वाटलं. भेव मेलं नाही, ते माह्या संगच जाईन.

मी म्हणलं, "पोरीले इकडं आण. दिवसा. समोरच्या रस्त्यानं. आमच्या ओट्यावर उजेड चांगला हाय."

"मोठं घर हाय ते, बुढेबा."

"हाव. माहीत हाय."

ती गेली. मी रांजण घासला, भरला, ओट्याच्या कडेले आणून ठेवला, लहान पोराचा हात पुरन असा. तांब्या उलटा नाही, सुलटा ठेवला, भरून. त्या पोरीच्या डोळ्यात काहीही गेलं त पहिले पाणी देईन. कोणाची हाय हे विचारणार नाही.

पण मागच्या दारानं माही लेक जाणार नाही.