टेलला भरलेली पेटी

हमीदभाईंच्या दुकानाचे किस्से मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत. ते आपोआप साचत गेले. आता कुणी जुना दोस्त घरी आला, चहा झाला, की एक निघतो, त्याच्या मागे दुसरा निघतो, आणि आतून बायको म्हणते, "झालं सुरू!" तिचं खोटं नाही. पण मी तरी काय करू?

आधी दुकानाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परभणीत स्टेशन रोडला हमीदभाईंची छोटीशी खोली, एक काउंटर आणि कॅसेट भरायचे दोन डेक. लोक कोरी कॅसेट आणायचे, गाणी सांगायचे, आणि हमीदभाई ती भरून द्यायचे. गाणी संपली तरी थोडी पट्टी उरायचीच. बाकीचे दुकानदार ती कोरी सोडायचे. हमीदभाईंना ते सहन व्हायचं नाही. त्या जागेत ते आपल्या आवडीचं काहीतरी भरायचे. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आम्ही टेल म्हणतो. तिथल्या शेतकऱ्याला पाणी काही पोचत नाही आणि तो रोज आमच्या नावानं बोटं मोडतो. मी म्हणलं, "भाई, अख्ख्या जिल्ह्यात टेलला पाणी देणारे तुम्ही एकटेच." तेव्हापासून त्या उरल्या जागेला आमच्यात टेलच म्हणायला लागले.

*

आमच्यात म्हणजे तिघांत. हमीदभाई, मी आणि गौतम. गौतम माझा शाळेपासूनचा दोस्त. गाव देवगाव फाट्याजवळ, वडील गवंडी. औरंगाबादला हॉस्टेलवर राहून शिकला आणि मानवतला मास्तर झाला. हॉस्टेलवर त्याच्या खोलीत एक इराणी पोरगा होता. तो मायदेशी जाताना गौतमला एक कॅसेट देऊन गेला. आमच्या दुकानात रॉक आलं ते असं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणलं, "हे काय, पत्र्याच्या शेडवर दगड मारायलेत का?" दुसऱ्यांदा ऐकताना गप्प बसलो. पुढच्या आठवड्यात कालव्याच्या बांधावरून सायकल हाणताना माझ्या ध्यानात आलं, की माझे पाय त्याच ठेक्यावर पडायलेत. माणसाचं मत बदललं की पायांना आधी कळतं, हे मी तेव्हा शिकलो.

हमीदभाईंनी ते लगेच टेलला भरायला घेतलं. पहिलाच बळी मानवतचा एक कापसाचा अडत्या. त्याच्या हरिपाठाच्या कॅसेटच्या शेवटी इलेक्ट्रिक गिटार! कॅसेट गेल्यावर आम्हाला घाम फुटला. आठवड्यानं तो अडत्या दुकानाच्या पायरीवर हजर. टोपी काढली, कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "आमचा म्हातारा हरिपाठ लावला की झोपतोय. शेवटी ते वाजलं की ताडकन उठून राम कृष्ण हरी म्हणतोय. अजून थोडं वाढवता का?"

*

गंगाखेडचा एक ट्रॅक्टरवाला होता, साखर कारखान्याला ऊस ओढायचा. त्यानं लावण्यांची कॅसेट भरून नेली. टेलला एक रॉकचं गाणं सुरू झालं आणि मधेच पट्टी संपली. तो भांडायलाच आला. म्हणाला, गाणं अर्ध्यात तोडायचं म्हणजे ताटावरून उठवायचं. हमीदभाईंनी त्याला पूर्ण ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "लावण्या पुसून टाका. सगळं टेलच भरा."

त्या हंगामात गंगाखेडच्या रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या मागे घेऊन, लांब केसांच्या गोऱ्या पोरांचा आरडाओरडा मोठ्यानं लावून तो जाताना मी स्वतः पाहिलाय. बैलगाडीवाले बाजूला होऊन बघत राहायचे. एक म्हातारा मला म्हणाला, "लग्नाचं वऱ्हाड दिसायलंय, पण नवरी कुठं हाय?"

*

मग टँगो आला. हमीदभाईंचा मेव्हणा आखातात कामाला होता. तो येताना अत्तर, टेरिकॉटचं कापड आणि एक बिननावाची कॅसेट घेऊन आला. तिच्यावर एकच चीज चांगली होती, पण ती काय होती म्हणता! पेटीसारखं काहीतरी वाजायचं, पण आपली पेटी गाण्याच्या मागं चालते, ही पुढं चालायची. एक पाऊल टाकायची, थांबायची, मान वळवून बघायची, पुन्हा चालायची. हमीदभाई म्हणाले, "रोती बी है, अकडती बी है." पुढे शॉर्टवेव्हवर एका बाईनं अशाच बाजाला टँगो म्हणलं, तेव्हा आम्हाला नाव कळलं. पण टँगोची व्याख्या विचाराल तर मी आजही हमीदभाईंचीच सांगेन.

बाई म्हणाली होती, की हा नाच आहे आणि दोघांनी करायचा असतो. म्हणून मी आणि गौतम काउंटरसमोर चालून बघायलो होतो. एक पाऊल, थांबा, मान वळवा. मान वळवली तर दारात लग्नाची कॅसेट भरायला आलेले एक गृहस्थ. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, खिशातली कोरी कॅसेट चाचपली आणि समोरच्या दुकानात गेले.

*

गौतमचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचे बाबा, गवंडीकाम करायचे हे सांगितलं. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख गाणारे म्हणून. भीमगीतं स्वतः रचायचे, स्वतः चाल लावायचे. जयंतीला त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराच्या रागातून त्यांची वस्ती पेटवली, त्यात त्यांचं घर गेलं आणि पेटीही गेली. बाबा म्हणायचे, "पेटी जळाली, गळा ऱ्हायला." नवी पेटी त्यांनी कधी घेतली नाही. का, ते आम्ही विचारलं नाही.

नंतर दोन वर्षांनी गौतमनं त्यांना गाणी भरायला दुकानात आणलं. सोबत नुसता डफ. हमीदभाई माइक जोडत होते आणि दुसऱ्या डेकवर तोच टँगो हळू लागलेला. बाबा ऐकत बसले. त्यांनी विचारलं, ही पेटी कुणाची? हमीदभाई म्हणाले, समुंदराच्या पलीकडची. बाबा डेकजवळ सरकले. मग म्हणाले, "माझ्या गाण्याला पेटी न्हाई. माझं झालं की मागं हीच लावा."

भरायच्या आधीच टेल मागून घेणारं दुकानातलं हे पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक. पेटीला पुरी जागा मिळावी म्हणून बाबांनी एक गाणं कमी म्हणलं. शेवटचं गाणं विद्यापीठाच्या नावाचं होतं, आणि त्याच्या मागं टँगो, सबंध.

नाव लागलेलं बघायला बाबा राहिले नाहीत. गौतमनं ती कॅसेट त्यांच्या फेट्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

*

आणि एका उन्हाळ्यात हमीदभाईंच्या डेकनं टँगोची मूळ कॅसेट खाल्ली. पट्टी चाकाला गुंडाळून अशी चुरगळली, की हमीदभाई दिवसभर शटर अर्धं ओढून बसले. मला तर घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. हसू नका. दिवसभर कालव्यावर लोकांच्या शिव्या खाऊन मी संध्याकाळी तेवढ्यासाठी दुकानात जायचो.

मग शोध सुरू झाला. टेलला भरलेलं कुणाकडं तरी असेलच की! मानवतच्या अडत्याच्या नंतरच्या एका कॅसेटला टेलला टँगो होता, तर नातवानं त्यावर सिनेमाची गाणी भरून ठेवलेली. गंगाखेडच्या ट्रॅक्टरवाल्यानंही पुढे टँगो भरून नेला होता, ती कॅसेट उन्हात वाकून पापड झालेली. मेव्हण्याला विचारलं तर त्याला आखातातलं काहीच आठवायचं नव्हतं. जिल्हाभर फिरलो, आणि एक प्रत कुठं आहे हे आम्हा तिघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मागायला जीभ उचलत नव्हती.

शेवटी हमीदभाईंनीच विषय काढला, तोही टँगोचा नाही. म्हणाले, "मास्टर, वर्षानुवर्षं वाजवली नाही की पट्टीला पट्टी चिकटती. बाबा की आवाज जाएगी." गौतमनं कप बशीत ठेवला. म्हणाला, "वाजवली की गाणी संपणार. गाणी संपली की बाबा परत एकदा जाणार. मला नाही जमायचं ते, भाई." त्यानंतर तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. ट्रंकेत पट्टी चिकटत असेल, एवढं मात्र मला अधूनमधून टोचायचं.

*

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, ऐन संक्रांतीला, विद्यापीठाला शेवटी ते नाव मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमचा निरोप आला. त्याच्या आईनं ट्रंक उघडून कॅसेट स्वतः बाहेर काढली होती आणि सांगितलं होतं, की आज वाजलीच पाहिजे.

हमीदभाईंनी डेकचं हेड स्पिरिटनं दोनदा पुसलं, डेक चादरीत गुंडाळला आणि एसटीत देवगाव फाट्यापर्यंत मांडीवर धरून बसले. दुसऱ्या कुठल्या मशीनवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या मशीनवरही राहिला नव्हता. माझ्या खिशात एक कोरी कॅसेट होती. कशाला, ते तिघांनाही ठाऊक होतं, पण टँगोचं नाव कुणी काढलं नाही.

वस्तीत दुपारी सगळी जमली होती. पेढे वाटून झाले होते. चौकात टेबल, त्यावर डेक, खांबाला कर्णा. हमीदभाईंनी कॅसेट हातानं आधी मागे-पुढे फिरवून सैल केली. मग बटण दाबलं.

पट्टी जरा घसटली आणि बाबांचा डफ सुरू झाला.

एकामागून एक गाणी झाली. म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. तरण्या पोरांनी तर बाबांना पाहिलंही नव्हतं, पण तीही उभ्यानं ऐकत होती. शेवटी ते विद्यापीठाचं गाणं लागलं. ज्या नावासाठी बाबा गायले ते नाव काल लागलं होतं, आणि ते गाताना त्यांना ते माहीत नव्हतं. मला रडू आलं. का लपवू?

गाणं संपलं. कर्ण्यातून नुसती खरखर यायला लागली. गौतम टेबलापाशीच होता. त्याचा हात बंद करायच्या बटणाकडं गेला.

तेवढ्यात पेटी सुरू झाली. एक पाऊल, थांबली, पुन्हा चालली. एक पोरगं म्हणालं, "सर, हे दुसरंच काय तरी लागलंय." मी खिशातली कोरी कॅसेट हातात घेतली होती. ती तशीच परत ठेवली, कारण गौतमच्या आईनं उठून त्याचं मनगट धरलं होतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्येंची पेटी हाय ती. जळाली न्हाई."