वरच्या पट्टीत काय बसवायचं

आमच्या घरात मी गोष्टींच्या पुस्तकांवर नाही, चळवळीच्या पत्रकांवर वाढले. बाबा लिहायचे, मी घड्या घालायचे. आता लिहिते मी, आणि मांडणीही घरातल्या डेस्कटॉपवर मीच करते.

गेल्या उन्हाळ्यात मासळीबाजारातल्या बायकांचं पत्रक हाती होतं. बसायच्या जागेवर छप्पर हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. सोमवारी त्या पत्रक घेऊन नगरपालिकेच्या बैठकीला जाणार होत्या, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत ते छापखान्यात पोचायला हवं होतं. आणि शनिवारी सकाळपासून कॉम्प्युटर सारखा हँग होत होता.

बाबांचं म्हणणं, फाईल मुंबईला चुलतभावाकडे पाठव, तो ऑफिसात बसून करून देईल. मला ते मान्य नव्हतं. त्या बायकांची नावं आणि फोन नंबर याच मशीनवर होते, ते बाहेर द्यायचे नव्हते, आणि मजकूर त्यांना विचारल्याशिवाय पक्का करायचा नव्हता. मशीन का अडतंय तेच शोधायचं मी ठरवलं. काम चालू असताना स्क्रीनच्या वरच्या पट्टीत, मेनूबारमध्ये, प्रोसेसर, मेमरी आणि तापमान दाखवत राहील असं टूल हवं होतं.

पहिलं दिसायला देखणं. पण उघडताच खातं काढायला सांगू लागलं, आणि मशीनवर काय काय चालतं याची माहिती कंपनीकडे जाईल, असं अटींत लिहिलेलं. बारीक टायपातलं आधी वाचायचं, ही मला लहानपणापासूनची सवय. काढून टाकलं.

"काय गो, क्रांती आता मेनूबारात करणार?" बाबा खुर्चीतून म्हणाले.

"लोकांची नावं परक्याच्या हाती द्यायची नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

ते पेपरात तोंड घालून बसले.

दुसरं टूल फुकट होतं, पण त्यात रंगीत आलेखांची एवढी गर्दी की तेच मेमरी खाऊ लागलं. तिसरं साधं. कोड सगळ्यांना खुला, खातंबितं काही नाही. त्यातलं नको ते सगळं बंद करून मी पत्रक उघडलं.

मेमरी मोकळी होती, प्रोसेसरवरही फार भार नव्हता. तापमान मात्र चढत गेलं, चढत गेलं, आणि मशीन हँग झालं.

मी टेबलाखाली वाकले. खाऱ्या हवेनं आधीच्या कॉम्प्युटरचं पोट गंजलं, तेव्हापासून बाबांनी सीपीयूच्या डब्याला टेलरकडून रेक्झिनचा झगा शिवून घेतला होता. बटणापुरतं आणि वायरींपुरतं भोक. पंख्याची जाळी पूर्ण झाकलेली. मिक्सरला, टीव्हीला असतो तसाच झगा, फक्त हा चालू असतानाही कधी कुणी काढला नव्हता. उन्हाचा कडाका वाढेपर्यंत ते निभावलं होतं.

मी हात घातला तसे बाबा आडवे आले. हवा लागली की हाही गंजणार, त्यांचं एकच. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि झगा ओढून काढला. मशीन पुन्हा सुरू करून पत्रक उघडलं. यावेळी आकडा थोडा चढून थांबला.

"चालू असताना उघडा, बंद केला की झगा," त्यांनी निकाल दिला, जणू ठराव त्यांनीच मांडला होता.

दुपारी मी बाजारातल्या बायकांच्या म्होरकीला फोन लावून मजकूर वाचून दाखवला. 'विनंती' हा शब्द तिला नको होता. मी 'मागणी' लिहिलं, फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि ऊन उतरायच्या आत छापखान्याकडे निघाले.