वाढत्या अंगाचं जॅकेट

बडोद्याच्या सुभानपुऱ्यात लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव-उसळ खायला जमलो की कुणी ना कुणी विचारतोच, "रणजित, जॅकेट आलं का?" याचं उत्तर एका शब्दाचं आहे. पण ते मी लगेच देत नाही, कारण जॅकेट शिवून व्हायच्या आधीच त्याचे किस्से शिवून तयार झालेत. घरात मोठी माणसं असली की असंच होतं. तुम्ही साधं काहीतरी करायला जाता, ती त्यात हात घालतात, काम लांबतं आणि तुमच्याकडे किस्से साठतात. माझ्याकडे एवढे साठलेत की उसळ थंड होते, पाव संपतात, तरी लारीवाला पुढचं विचारतो, "पछी शुं थयुं?"

तर ऐका. ज्यांनी अर्धे ऐकलेत त्यांनी पाव मागवा.

*

मूळ रोग बाबांचा. लहानपणी मला कारेलीबागेतल्या शिंप्याकडे न्यायचे आणि माप घेऊन झालं की ठरलेलं वाक्य टाकायचे, "छोकरो वधे छे, जरा ढीलुं राखजो." म्हणजे, मुलगा वाढतोय, जरा सैल ठेवा. शिंपी मान डोलवायचा आणि माझ्यासाठी तंबू शिवायचा! माझ्या शर्टात मी आणि माझा बाकावरचा मित्र दोघं मावलो असतो. बुटांच्या टोकाला कापूस. पाचवीत घेतलेला स्वेटर दहावीच्या निरोप समारंभाला अगदी बरोबर बसला, पण तोवर त्याची कोपरं गेली होती.

पुढे मला बाइक्स दुरुस्त करायच्या होत्या. बाबा म्हणाले, "मेकॅनिकल इंजिनिअरिंगच घे. आज जड वाटेल, पुढे भरून निघेल." घेतलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच्या बाह्या वर दुमडत राहिलो, मग काढून टाकलं आणि गॅरेजमध्ये कामाला लागलो. घरात सुतक. बाबा गप्प, काका गरम, आणि आई आतून म्हणाली, "तरी मी सांगत होते, जरा मोठंच घेतलंत!"

*

मग गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाकडून मला एक सेकंडहँड लेदर जॅकेट मिळालं. आत छोटी पट्टी शिवलेली, मोरिता नावाची. जपानमधल्या एका लहान गावात हा म्हातारा एकट्याने जॅकेटं शिवतो. मी ते चढवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खांदा खांद्यावर आला. दुसऱ्याच्या मापाचं होतं, पण निदान कुणाच्या तरी मापाचं होतं!

अडचण एकच. आपलं बडोदं. इथे थंडी पाहुण्यासारखी येते, चहा पिऊन जाते. मी हट्टाने मार्चपर्यंत घातलं. हरणी भागातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर त्रिवेदी आंटींनी मला थांबवलं. "ताव आव्यो छे, बेटा?" म्हटलं, नाही आंटी, ताप नाही, फॅशन आहे. त्यांनी विश्वास न ठेवता कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलंच होतं!

म्हणजे जॅकेट घालायचं तर परदेशी जायला हवं, आणि परदेशी जायला कारण हवं. माझ्याकडे कारण होतं: दुसरं जॅकेट! माझ्या मापाचं.

*

घरात सांगितलं तेव्हा आईने पहिलं विचारलं, "गाईचं नाही ना?"

"नाही ने. घोड्याचं."

मला वाटलं, विषय संपला. काकांनी पेपर खाली ठेवला. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, विमा कंपनीतून रिटायर झालेले, आमच्याकडेच राहतात. आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यांचा फोटो हॉलमध्ये आहे आणि काका त्या फोटोचे प्रवक्ते आहेत.

"घोड्याचं? अरे, आपण घोड्यावर बसणारी माणसं! घोडा अंगावर घालणारी नव्हे! नाव रणजित ठेवलं आणि हात कशात, तर चेनच्या ऑइलात! आता हेच राहिलं होतं!"

मी म्हटलं, "काका, तुम्ही स्वतः घोड्यावर शेवटचं कधी बसलात?"

"लग्नात!" काका छाती काढून म्हणाले. "मांडवीपासून कार्यालयापर्यंत!"

बाबा सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "दादा, लगाम माझ्या हातात होता. तुमचे डोळे मिटलेले होते."

*

मोरितांना मेल केली. मशीनने भाषांतर केलेलं उत्तर आलं. पार्सलने माप घेत नाही. स्वतः यायचं. एकदा माप देणार, मग आठवडाभर कुठेही फिरा, मग परत या. तोवर कॅनव्हासचं कच्चं जॅकेट तयार असेल, ते अंगावर चढवून, टाचण्या लावून बघणार, मगच चामड्याला कात्री. शिवून झालं की पोस्टाने घरी. आणि शेवटी एक ओळ: डोळे थकलेत, पानगळ संपली की नवीन माप घेणं बंद.

म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

गॅरेजवाल्याला पगाराची स्लिप कुठून असणार? तिकिटापुरतं कमावलं होतं, पण व्हिसासाठी बाबांना स्पॉन्सर व्हावं लागणार होतं. ज्याच्यापासून पळायचं त्याचीच सही! मी कागद समोर ठेवले. बाबांनी चष्मा लावला, सगळं वाचलं, आणि म्हणाले, "मग आम्हीही येतो. मी आणि तुझी आई."

"कशाला?"

"बघायला."

"जपान?"

"तो शिंपी."

"बाबा, तो शिंपी नाही! मेकर आहे!"

"टाके घालतो ना?" म्हणाले आणि सही केली. बाबा आणि शिंपी एका खोलीत आले की काय होतं ते मी अख्खं लहानपण अंगावर वागवलं होतं.

*

कारेलीबागेतले हसमुखभाई आमचे ट्रॅव्हल एजंट. काका सल्ला द्यायला सोबत आले होते, न बोलावता. मी हसमुखभाईंना प्लॅन सांगितला: आधी त्या गावात, मग आठवडाभर इकडेतिकडे, मग पुन्हा त्याच गावात.

हसमुखभाईंचं पेन थांबलं. "एक ज गाममां बे वार? पैसा वसूल केवी रीते थशे?" त्यांनी मला डोंगर दाखवला, मंदिरं दाखवली, हरणं दाखवली, जैन जेवणाची गॅरंटी दिली. मी हललो नाही. शेवटी थकून त्यांनी विचारलं, त्या गावात पॉइंट काय आहे बघायला?

म्हटलं, "एक म्हातारा माणूस आहे."

हसमुखभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग बाजूला बसलेल्या काकांकडे बघितलं. "घरडो माणस जोवा माटे छेक जपान? ए तो तमारा घरेय छे!"

आणि तो घरचा म्हातारा, म्हणजे काकाच, मान डोलवून म्हणाले, "हा माणूस व्यवहाराचं बोलतो."

*

निघण्याआधी मोरितांनी फोटो मागवले. बनियनवर, चारही बाजूंनी, नेहमी उभे राहता तसे. आईने हॉलमध्ये काढले आणि पाठवले. उत्तर आलं: "मुलाची पाठ बाइकमुळे थोडी वाकली आहे. हरकत नाही. मागच्या गृहस्थांचा उजवा खांदा मात्र बराच खाली आहे. त्यांचं जॅकेट वेगळं कापावं लागेल."

मागचे गृहस्थ! मी फोटो मोठे करून बघितले. चारही फोटोंत मागे काका, बनियनवर, पणजोबांच्या फोटोखाली उभे. मी वळलो की तेही वळलेत!

पण त्यांना लाज वाटली असती तर ते काका कसले. उजव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तलवारीचा खांदा आहे तो! रक्तात असतं हे. जपानी माणसाला कळलं, घरच्यांना नाही!"

"काका, ती तलवार नव्हती. विम्याच्या कागदांची बॅग होती!"

काकांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. पण दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या आरशासमोर डावा खांदा खाली दाबून उभे असलेले मी स्वतः बघितले.

*

काका येणार नव्हते. गुडघे आणि तत्त्व, दोन कारणं. निघायच्या दिवशी मात्र गेटपर्यंत आले. अहमदाबादच्या टॅक्सीत आईच्या मांडीवर लीलो चिवड्याच्या पिशव्या, बाबा पुढे, मी मागे. काकांनी खिडकीतून डोकं आत घातलं. मला वाटलं, आता पणजोबा येणार.

हळूच म्हणाले, "हे बघ, आता घेतोच आहेस तर नीट बघून घे. घोडा घेताना आधी दात बघतात."

"काका, जॅकेटला दात नसतात!"

"झिप असते ना? ती बघ."

*

जपानमधल्या ट्रेनमध्ये मी आईबाबांना नियम सांगितला. दुकानात कुणी बोलायचं नाही. विशेषतः बाबांनी. आणि "वाढतं अंग" हे दोन शब्द तर जिभेवर आणायचे नाहीत. आई म्हणाली, "बापाशी असं बोलतात का रे?" मी म्हटलं, "ज्या बापाने स्वेटर तसा घेतला त्याच्याशी असंच बोलतात." बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मोरितांचं दुकान आमच्या हॉलएवढं. म्हातारा बुटका, कानावर पेन्सिल. बोलायला मधे माझा फोन, आणि त्यातली बाई शाळेच्या पुस्तकासारखं मराठी बोलते. म्हाताऱ्याने माझं माप घ्यायला सुरुवात केली. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, हात मांडीवर, तोंड बंद. इतके गप्प की मोरिता माप घेता घेता थांबले आणि फोनला काहीतरी म्हणाले.

फोनमधली बाई म्हणाली, "आपले वडील आजारी आहेत का?"

मी म्हटलं, "नाही, मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं आहे."

फोनने ते जपानीत सांगितलं. म्हाताऱ्याने टेप गळ्यात टाकला, माझ्याकडे नीट बघितलं, आत गेला आणि चहा घेऊन आला. पहिला कप बाबांना. दुसरा आईला. मला दिलाच नाही!

आई चहा फुंकत म्हणाली, "बघ. इथेही चालत नाही ते."

*

मधला आठवडा फिरलो. हसमुखभाईंची मंदिरं पाहिली, हरणं पाहिली, चिवडा संपवला. बाबा सगळ्या गावांत गप्प. मला बरं वाटायच्या ऐवजी जड व्हायला लागलं, पण नियम माझाच होता, मोडायचा कसा?

परत दुकानात गेलो. कॅनव्हासचं जॅकेट तयार होतं. मोरितांनी ते माझ्या अंगावर चढवलं, इथे तिथे टाचण्या टोचल्या, मागे सरले, डोळे बारीक करून बघितलं. मी आरशात बघितलं. बसलं होतं! हात वर केला तरी कुठे ओढलं नाही, खाली आणला तरी कुठे चुणी नाही. मला वाटलं, आता इथून कुणी हलवू नये मला.

मग म्हाताऱ्याने माझ्या हातातून माझाच फोन घेतला आणि जाऊन बाबांच्या तोंडासमोर धरला.

"वडिलांचे मत काय आहे?" बाई म्हणाली.

संपलं. बाबा स्टुलावरून उठले. माझ्याभोवती एक फेरी मारली, कारेलीबागेत मारायचे तशीच. खांद्याची शिवण दोन बोटांत धरून बघितली. कॉलरमध्ये अंगठा घातला. पाठीवरून हात फिरवला. छोकरो वधे छे. मला ते वाक्य ऐकूसुद्धा यायला लागलं. मी आरशात त्यांच्याकडे बघत होतो, ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग फोनपाशी वाकून, बाईला नीट कळावं म्हणून एकेक शब्द तोडून बोलले, "बरोबर मापाचं ठेवा. वाढायचा होता तेवढा वाढलाय तो."

आईने माझ्याकडे बघितलं. मी टाचण्यांमुळे हललो नाही. टाचण्यांमुळेच.

फोन जपानीत बोलला. मोरितांनी ऐकलं आणि मान हलवली. नाही. मग त्यांनी बाबांच्या पोटाकडे बघितलं, सावकाश. मग माझ्या पोटाकडे बघितलं. कानावरची पेन्सिल काढली, कॅनव्हासवर बाजूला एक रेघ मारली आणि फोनला दोन वाक्यं सांगितली.

बाई म्हणाली, "मुलगा पुढे वडिलांप्रमाणे होईल. दोन सेंटिमीटर सैल ठेवत आहे."

बाबांनी मान खाली घालून स्वतःचं पोट बघितलं. स्वेटरचं बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागलं नाही. मग परत फोनपाशी वाकले.

"तीन ठेवा."