पाचवी जोडी

त्या पोरानं मला सगळ्यांसमोर माइकवरून ‘खलास’ म्हटलं. हे मी विसरणार नाही. आणि जाऊ द्या, विसरा, असं जे मला सांगायला आले, त्यांनाही विसरणार नाही.

मी दुबईकडच्या अल ऐनला एका शाळेत सुतार आहे. बाकं, दारं, हॉलच्या स्टेजच्या फळ्या, सगळं माझ्या हातचं. शिक्षण चौथी. म्हणजे चौथीचीही परीक्षा दिलेली नाही, त्या दिवशी गावात नाच होता. हे लिहिलेलं सून फोनवर टाइप करते. ती म्हणाली, "बाबा, दोन-तीन ठिकाणी जरा सॉफ्ट करू का?" म्हटलं, एका शब्दाला हात लावलास तर दुसऱ्याकडून टाइप करून घेईन.

गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्या नाचात गाणारा आणि मृदंगवाला मधोमध खाली बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्या मधल्या जागेवर बसलो. भोवतीचं कडं फिरतंय तोवर मृदंग थांबवायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. मधे बसलेल्याला आपोआप कळतं, कारण प्रत्येकाचे पाय त्याच्या तोंडासमोरून जातात.

इथं आल्यावर ते सगळं सुटलं. बरीच वर्षं नुसतं लाकूड कापलं. मग एक दिवस शाळेच्या हॉलमध्ये स्टेजच्या फळ्या बदलत होतो आणि खाली गोऱ्यांचा बँड सराव करत होता. व्हायोलिनवर एक डॉक्टर, अकॉर्डियनवर एक इंजिनीअर आणि पुढं उभी आमच्या शाळेची स्कॉटिश म्युझिक टीचर. त्यांच्या देशात लग्नाबिग्नाला सगळे मिळून रांगेनं नाचतात, त्याला ते ‘केली’ म्हणतात. मॅडमचं काम नाचात पुढं काय करायचं ते ओरडून सांगायचं. उजवा हात धरा, फिरा, खाली जा, वर या. मी वर खिळे ठोकत होतो. तालात ठोकत होतो, कारण तालाबाहेर मला ठोकताच येत नाही. मॅडम गप्प झाली, वर बघितलं आणि म्हणाली, "चाचा, फिर से."

गावाहून नट-बोल्टची ढोलकी मागवली आणि त्या बँडमध्ये बसलो, ते पुढं कितीतरी वर्षं. ते ज्याला जिग म्हणतात तो आपला धावता दादरा. रील म्हणजे केरवा, तोही धावता. नवीन काही नाही. ज्यांना नवीन वाटतं त्यांनी आपलं नीट ऐकलेलं नसतं.

मॅडमची एक पद्धत होती. नाच सुरू व्हायच्या आधी ती रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची, प्रत्येक जोडीच्या खांद्याला हात लावायची आणि परत आली की मला बोटं दाखवायची. चार जोड्या तर चार बोटं. त्या नाचात एका फेरीला एकच जोडी पुढं असते. ती हात धरून रांगेच्या मधून धावत खाली जाते, वर येते, सगळ्यांशी फिरते आणि शेवटी तळाला जाऊन उभी राहते. मग दुसरीची पाळी. जेवढ्या जोड्या तेवढ्या फेऱ्या. चूक व्हायला जागाच नाही. तरी मी बोटांवर विसंबत नसे. मी माणसं लक्षात ठेवायचो. हिरवा झगा, चष्मेवाला, टक्कल, लाल मोजे. लाल मोजे तळाला पोचले की थाप बंद.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम रिटायर होऊन मायदेशी गेली. तिच्या जागी बँडनं हा पोरगा आणला.

हा आपलाच. पुण्याचा. स्कॉटलंडला दोन वर्षं शिकायला होता, तिथं दर आठवड्याला हे नाच नाचला म्हणे. आता राहतो दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला. कानात मशीन, हातात फोन, शर्टाला माइक. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काका, तुमचा टेम्पो थोडा फ्लोट होतोय. मी कानात क्लिक लावतो, तुम्ही फक्त मला फॉलो करा. लास्ट राउंडला मी मूठ वर करेन. सिंपल."

म्हटलं, "आणि नाचणारे?"

"ते मी सांभाळतो ना काका. चिल."

मॅडम शब्द टाकायची तो पाऊल पडायच्या एक श्वास आधी. म्हणजे ऐकलं की पाय आपसूक वळतो. हा पोरगा पाय वळायच्या वेळीच ओरडतो. सगळे अर्धं पाऊल मागं राहतात, एकमेकांवर आपटतात, हसतात, आणि याला वाटतं काय मजा चाललीय. मी बोललो नाही. तोंड उघडलं की मी थांबत नाही, हे मला माहीत आहे.

आता त्या शनिवारचं सांगतो.

बायको व्हिजिटवर आली होती. इथं नोकरीला असलेल्या मुलानं तिकीट काढलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, त्यातली बहुतेक तिनं गावात काढली आणि मी इथं. मी फोनवर सांगायचो, गोऱ्यांच्या नाचात ढोलकी वाजवतो. ती म्हणायची, हां, वाजवत असाल. म्हणजे विश्वास नाही. म्हणून त्या शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, त्याला मी तिला आणि नातीला मुद्दाम बोलावलं. मुलगा गाडीनं सोडून गेला. हॉलमध्ये चपला घालायच्या नाहीत. ती लाकडी फरशी मी पॉलिश केलेली. म्हणून बायको पाचवारी साडी आणि नातीचे मोजे, त्यावर कसलीतरी मांजरं, अशी कडेच्या खुर्चीवर बसली.

शेवटचा नाच हाच, रांगेचा. पाच रांगा उभ्या राहिल्या, प्रत्येकीत चार जोड्या. पोरगा फोन वर धरून व्हिडिओ काढत होता. त्याला कडेला बायको दिसली. झालं. माइकवरून सुरू. "अरे, आजी! आजी, या ना! एव्हरीबडी, आजींसाठी जोरदार टाळ्या!"

बायको मान हलवून नको नको म्हणत होती. नात म्हणाली, "कम ऑन आजी, इट्स फन," आणि तिला ओढत नेऊन स्टेजजवळच्या रांगेच्या तळाला उभी केली. पोरानं त्यांचा व्हिडिओ घेतला, अंगठा दाखवला आणि वळला. रांगेतून चालला नाही. मोजलं नाही. मी पाहिलं. बाकी चार रांगांत चार-चार, आमच्या समोरच्या रांगेत पाच.

वाजवायला लागलो.

पहिली जोडी गेली, दुसरी गेली. बायको आपल्या जागी उभी राहून टाळ्या देत होती. तिची नजर पुढच्यांच्या पायांवर. मला ती नजर माहीत आहे. गावात ती फुगडी घालायला उतरायची तेव्हा आधी असंच बघून घ्यायची. तिसरी गेली. ती एकेक जागा वर सरकत होती. चौथी जोडी धावायला लागली तशी तिनं पदर खोचला.

आणि पोरानं मूठ वर केली.

मला वाटलं घाम पुसतोय. परत केली. व्हायोलिनवाल्या डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. चौथी जोडी तळाला पोचली. रांगेच्या अगदी डोक्याशी, माझ्यापासून चार हातांवर बायको आली होती, नातीचा हात धरून, दुसरा हात पुढं केलेला. आता तिचीच पाळी. व्हायोलिन थांबलं. अकॉर्डियन थांबलं. बाकी चार रांगांनी टाळ्या वाजवल्या आणि लोक जेवणाच्या टेबलांकडं निघाले.

मी थांबलो नाही.

"थँक यू एव्हरीबडी! फूड इज रेडी... काका." मी वाजवतोय. "काका, डन." मी वाजवतोय. मग त्यानं हात आडवे करून, माइक तोंडाशीच, म्हटलं, "काका, खलास! खलास!"

काही लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा ऐकायला कमी. मला सगळं ऐकू येत होतं. मी मान वर केली आणि बायकोला एवढंच म्हणालो, "तुझी पाळी आहे. जा."

ती गेली. तिच्या रांगेतली माणसं हलली नव्हती. त्यातले बरेच मॅडमच्या वेळचे, थाप चालू असताना रांग मोडायची नाही हे तिनं शिकवलेलं. बायको धावली नाही. झपझप चालत गेली, मांजरांच्या मोज्यांवर, एकदा घसरली, नातीनं सावरलं. परत वर आली. मग एकेकाशी हाताला हात अडकवून फिरली. कोणी काही ओरडून सांगत नव्हतं, तिनं चार वेळा पाहिलं होतं, तिला पुरे होतं. अर्ध्यात व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. ती तळाला जाऊन उभी राहिली तेव्हा मी थाप बंद केली.

सामान भरताना पोरगा आला. "काका, तुम्ही मला सगळ्यांसमोर एम्बॅरस केलंत."

"मी? तू माझ्या बायकोला उठवून उभी केलीस आणि तिच्या तोंडावर दार लावलंस."

"ओ, ते जस्ट फन होतं हो. त्यांना काय फरक पडतो?"

हातात ढोलकी होती म्हणून. नाहीतर काय केलं असतं ते लिहीत नाही, सून टाइप करतेय.

घरी जाताना गाडीत बायकोला विचारलं, तुला वाईट वाटलं का? म्हणाली, "मला नाचायचंच नव्हतं मुळात." मग पायातले मांजरांचे मोजे काढत म्हणाली, "पण उभी केली तर केली. मग सोडायची नाय अशी."

चार दिवसांनी ती गावी परतली. त्याच आठवड्यात बँडच्या ग्रुपवर पोराचा मेसेज आला. नातीनं वाचून दाखवला. कॉलरचा, म्हणजे नाच ओरडून सांगणाऱ्याचा, सिग्नल फायनल असतो, पर्कशननं सर्वांची माफी मागावी, नाहीतर पुढच्या वेळी रेकॉर्ड केलेला ट्रॅक वापरू. पर्कशन म्हणजे मी. इतक्या वर्षांनी मी माणूससुद्धा राहिलो नाही. मुलाचा फोन, "बाबा, सॉरी म्हणून टाका ना, एक शब्द तर आहे." डॉक्टर वर्कशॉपमध्ये येऊन रंध्याच्या भुश्यात उभा राहिला, "चाचा, प्लीज." कोणीही, एकानंही, पोराला विचारलं नाही की जोड्या किती होत्या.

म्हणून दीड महिन्यानं पुढचा सराव ठरला, त्याला मी गेलोच. अल ऐनहून बसनं दुबई, तिथून मेट्रो, मग पायी, ढोलकी पाठीवर. डिस्कव्हरी गार्डन्सला पोराच्या बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये तिघं बसले होते. सगळ्यांना वाटलं म्हातारा माफी मागायला आला.

मी उभ्यानंच विचारलं, "त्या दिवशी पुढच्या रांगेत जोड्या किती होत्या?"

"फोर," पोरगा म्हणाला. "एका रांगेचा सेट फोरचाच असतो काका."

"तुझा व्हिडिओ काढ."

व्हिडिओ होता. त्यानं तो सगळीकडं टाकला होता, बायकोच्या मोज्यांवर हसणारी तोंडं चिकटवून. काढला. मी म्हटलं, "मोज. मोठ्यानं." इंग्रजीत मोजलं. वन, टू, थ्री, फोर. थांबला. फोन जवळ घेतला. डॉक्टरही वाकून बघायला लागला.

"हां... फाइव्ह आहेत." कान लाल झाले त्याचे. "ओके. माय बॅड. सॉरी काका."

"मला नको. तिला सांग."

मी गावी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्याच्या हातात दिला. दीड महिना मी या क्षणासाठी दात आवळून बसलो होतो. तिनं त्याला चांगला फैलावर घ्यावा. आमच्या वाडीत तिच्या तोंडाला सगळे वचकून असतात.

"आजी, मी... त्या दिवशी डान्सचा... तो अनाउन्स करणारा. सॉरी. तुमचा टर्न राहिलेला, मी मोजलं नव्हतं."

"कोण? तो माइकवाला व्हय?"

"हो आजी."

"अरे बाला, जेवलास का नाय?"

"अं? नाही अजून."

"मग जेव आधी. लय वाळलायस. घरी कोन हाय रांधायला?"

झालं. पोरगा सांगायला लागला, एकटाच राहतो, बाहेरचं खातो, आई पुण्याला. ती हूं हूं करत ऐकतेय. मी तिथं ढोलकी पाठीवर घेऊन उभा. तीन तासांचा प्रवास करून मी हिच्यासाठी भांडायला आलो आणि ही त्याला कुळथाचं पीठ पाठवते म्हणून सांगतेय! मी फोन हिसकावला.

"तुला काय वाटलं, मी इथं कशाला आलोय?"

"ओरडू नका. म्हनाला ना सॉरी. मी पाचवी होते ह्ये कळलं त्याला, बास." मग आवाज बदलला. "तुमी वाजवताव ना? का बसलाव फुगून?"

तिच्यावर चिडलो, तो आजही चिडलेलाच आहे. पोरावरचा राग तर वेगळाच, तो तिनं सोडून दिला तरी माझा माझ्याकडं आहे. माफी मी मागितली नाही. परत कोणी विचारलंही नाही.

ढोलकी काढली, नट आवळले, बसलो. पोरगा म्हणाला, "काका, मग सिग्नलचं काय करायचं?"

म्हटलं, "तू हात वर कर, खाली कर, तुला हवं ते कर. मी माणसं बघून वाजवणार."